हिरव्या बटणाच्या शेजारी

मित्रांनो, बटण म्हटलं की तुमचा हात आधी शर्टाकडे जातो. तो तिथून काढा. मी वेबपानावरचं बटण आहे आणि चांगलं जुनं आहे. शर्टाचं बटण तुटून पडलं तर टण्णकन आवाज तरी होतो. माझ्यासारखं बटण नाहीसं होतं तेव्हा काहीच वाजत नाही, म्हणून माझी हकिगत मीच सांगतो.

धुळ्याच्या एका समाज मंडळाचं वधू-वर सूचक पान हे माझं घर. धुळे-जळगावकडच्या घरांनी मुलामुलींची माहिती तिथे द्यायची, स्थळं पाहायची आणि बघण्याचा कार्यक्रम झाला की उत्तर कळवायचं. त्या उत्तरासाठी आम्ही दोघं होतो. शेजारी 'होकार कळवा' आणि मी 'नकार कळवा'. कुणी पान उघडलं की समोरचा माणूस मला दिसतो, त्याचं बोलणं ऐकू येतं. पान बंद झालं की अंधार. तेव्हा जेवढं पाहिलं-ऐकलं तेवढंच सांगेन. पदरचं घालणार नाही. ते काम आमच्याकडे लग्नं जमवणारी मंडळी माझ्यापेक्षा सफाईने करतात.

मला घडवलं देवपुरातल्या ज्योतीने. ती घरातल्या एका खोलीत बसून दुकानांची, क्लासेसची, मंडळांची वेबपानं बनवते. जन्मतः आम्ही बटणं सगळी सारखीच असतो. राखाडी, चपटी, अक्षरं अंगाला चिकटलेली. मग कुणीतरी सीएसएस नावाच्या संगणकी भाषेत ओळी लिहितं आणि त्या ओळींमधून आम्हाला रंगरूप मिळतं. ज्योतीने आधी आम्हाला पॅडिंग दिलं, म्हणजे अक्षरांभोवती चारी बाजूंनी मोकळी जागा, शेतात राबलेल्या जाड बोटाचाही नेम चुकू नये इतकी. मग कोपरे गोल केले. होकाराला हिरवा रंग दिला, मला गडद निळा, आणि दोघांवर ठळक पांढरी अक्षरं. उंची सारखी, रुंदी सारखी. बोट टेकलं की मी किंचित खाली दबायचो आणि पुन्हा वर यायचो. ही ओळ तिने सगळ्यात शेवटी लिहिली आणि पुन्हा पुन्हा दाबून पाहिली.

तिची आई मागून म्हणाली, "नकाराला एवढं नटवतेस कशाला गं?"

"नटवत नाही, आई. दाबणाऱ्याला कळलं पाहिजे की दाबलं गेलं. नाहीतर दाबत बसेल बिचारा."

"बसू दे. आपल्याला काय, बोट त्याचं दुखेल."

ज्योती हसली आणि तिने आम्हाला पानावर पाठवलं.

सुरुवातीचे दिवस भरभराटीचे होते. माणसं 'नाही' कशी म्हणतात याचा माझा तेव्हा चांगला अभ्यास झाला. काही जण दाबताना दुसरीकडे बघत, जणू बोट परक्याचं आहे. एक मावशी आधी डोक्यावर पदर घ्यायच्या, मग दाबायच्या. एका गृहस्थांनी मला दाबलं आणि मोबाइललाच हात जोडले. पण दाबत होते, हे महत्त्वाचं. मला दाबलं की समोरच्या घरी एक छोटा निरोप जायचा की स्थळ चांगलं आहे, पण आमच्याकडून योग दिसत नाही. त्यात कुणाचा अपमान नव्हता आणि कुणाची वाट अडत नव्हती.

पहूरच्या कौतिक आबांच्या घरी असाच एक निरोप गेला होता. आबा केळी-कपाशीवाले शेतकरी. त्यांच्या पुतणीसाठी, भूमिकासाठी, एका घराकडून उत्तर यायचं होतं. ते लगेच आलं, नकाराचं आलं, आणि थोड्याच महिन्यांत भूमिका दुसऱ्या चांगल्या घरी नांदायला गेली. आबांनी पानावर अभिप्राय लिहिला: 'नाही ते नाही पण वेळेवर कळालं. हे बटन ज्यानं केलं त्याचं भलं होवो.' माझ्या जन्मातली शाबासकी म्हणावी तर एवढीच. ती ध्यानात ठेवा, मित्रांनो. पुढचं सगळं दुःख त्या शाबासकीतूनच उगवलं.

एका वर्षी मंडळाचा मेळावा भरला. भिंतीवर मोठा पडदा लावून आमचं पान दाखवत होते. मंडळाचे अध्यक्ष प्रेमराज नाना पहिल्या रांगेत होते. नाना मनाने वाईट नाहीत. त्यांची अडचण एवढीच की त्यांना कुणाचं पडलेलं तोंड बघवत नाही, आणि फोटो काढायच्या वेळी तर मुळीच नाही.

"हाई काय शे?" नाना उठून पडद्यापाशी आले. त्यांचं बोट माझ्यावर होतं आणि त्यांची सावलीही. "शुभ कार्याचं पान, अन नकार एवढा ठसठशीत?"

ज्योती कोपऱ्यात उभी होती. "नाना, उत्तर द्यायला दोन्ही लागतात."

"आपल्याकडे तोंडावर नकार देतं का कुणी? 'कळवतो' म्हणतात, चहा घेतात, निघतात. समजणारा समजतो."

"आणि नाही समजला तर?"

"तर त्याला पोरगी देऊन काय फायदा? इतकंही समजत नाही त्याला!"

सभागृह खदखदून हसलं. नानांनी हसू ओसरू दिलं आणि म्हणाले, "रंग उतरव त्याचा, बेटा. पानावर बठ्ठं, सगळं कसं मंगल दिसायला पाहिजे."

आमच्या खानदेशात 'कळवतो' हा शब्द ज्याने पहिल्यांदा काढला त्याने बोलणाऱ्याची मोठी सोय केली. बोलणारा चहा पिऊन मोकळा होतो आणि ऐकणारा दारात उभा राहतो.

ज्योतीने माझा रंग उतरवला. निळ्याचा मी राखाडी झालो. पुढे एका पदाधिकाऱ्याला राखाडीही खुपला, म्हणून पार्श्वभूमी गेली, कड गेली. कुणाच्या घरच्यांना अक्षरं मोठी वाटली, ती बारीक झाली. पॅडिंग काढलं तेव्हा माझ्या अंगावरचे कपडे नाही, कातडंच निघालं. त्या मोकळ्या झालेल्या जागेत पदाधिकाऱ्यांचे फेट्यातले फोटो बसले. मग नाना म्हणाले, दाबलं की ते खाली बसतं, बुडाल्यासारखं दिसतं, तेही बंद कर. शेवटी माझ्या उरलेल्या अक्षरांना जवळजवळ पांढरा रंग मिळाला. पान पांढरं, अक्षरं पांढरी. मी होतो, पण दुधात दूध असावं तसा होतो.

ज्योती दर वेळी एकदा बोलायची आणि मग सांगितलेलं करायची. मंडळाचं काम हातचं गेलं तर मंडळातल्या लोकांची कामंही जातात, हे तिला कळत होतं. तिने एकच गोष्ट माझ्या अंगावर राहू दिली. विसरली की मुद्दाम ठेवली, मला ठाऊक नाही. संगणकावर माऊस न धरता नुसत्या कीबोर्डने कुणी माझ्यापर्यंत आलं, तर माझ्याभोवती एक निळं कडं उमटायचं. मंडळाची माणसं सगळी मोबाइलवर बघणारी. त्यांना ते कधी दिसलंच नाही.

शेजाऱ्याचे मात्र लाड चालले होते. हिरव्याला सावली मिळाली, चकाकी मिळाली, आणि मंगल कार्यालयाच्या दारावरच्या माळेसारखं ते उघडझाप करू लागलं.

आता दिपमालाचं, कानावर आलं तसं सांगतो. कौतिक आबांची ही मुलगी जामनेरला रक्त तपासायच्या लॅबमध्ये कामाला होती. देवपूरच्या सुमनबाई आपला मुलगा जितेंद्र याला घेऊन तिला बघायला पहूरला गेल्या. वरण-बट्टीचं जेवण झालं, हसणं-बोलणं झालं, आणि गाडीत बसताना सुमनबाई म्हणाल्या, "कळवतो." तेव्हापासून आबांच्या मोबाइलवर आमच्या पानाची एक ओळ उभी होती: 'उत्तराची वाट पाहत आहोत.'

त्याच सुमारास दुसरं स्थळ आलं. शेंदुर्णीचा भूषण, शाळेत शिक्षक. दिपमालाला लॅबमधली नोकरी सोडायला लावणार नाही, असं त्याच्या घरच्यांनी आपणहून सांगितलं. हे घर तिच्या मनात भरलं होतं, आणि आबांनीही त्यांचं कौतुक केलं होतं. शेंदुर्णीकरांनी आखाजीपर्यंत थांबतो असा निरोप दिला होता. आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया, आमच्याकडचा मोठा सण.

सणाच्या आदल्या दिवशी आबांनी पान उघडलं. दिपमाला शेजारी बसली होती.

"आबा, उद्या आखाजी. भूषणच्या घरी काय सांगायचं?"

"देवपूरचं उत्तर येऊ दे आधी. एका घराचा निरोप येनं बाकी असताना दुसऱ्याले शब्द द्याचा नाई. आपल्यात चालत नाई ते."

"ते 'कळवतो' म्हणून गेले. म्हणजे नाहीच, आबा. सगळ्यांना समजतं ते."

"नाई असतं तं आलं असतं. नकाराचं बटन आहे पानावर. भूमीच्या टायमाले कसं लगेच आलं व्हतं? मंडळानं कायले केलं मंग ते? दाबलं नाई, म्हंजे त्याइच्या मनात आहे."

दिपमालाने मान वाकवून पडद्याकडे बघितलं. "तुम्हाला दिसतंय का ते बटण?"

"मले कायले दिसाले पाह्यजे? ज्याइले दाबाचं त्याइले दिसलं म्हंजे झालं."

त्यांचा अंगठा तेव्हा माझ्यावरच तरंगत होता, आणि मी काही त्यांना दिसलो नाही. आपला शब्द पाळणाऱ्या माणसाची हीच पंचाईत असते. समोरचाही पाळत असेल असं तो धरून चालतो.

आता देवपूरचं ऐका. आखाजीच्या आधी तिथेही पान उघडलं होतं. जितेंद्रने नाशिकची, त्याच्याच ऑफिसातली मुलगी पसंत केली होती आणि लग्न ठरलंही होतं. सुमनबाईंना रुखरुख लागली होती. त्या चष्मा नाकावर ढकलत पडद्यावर वाकल्या.

"जितू, हाई 'नही' म्हणानं बटन कोठे लपाडी ठेयेल शे?"

"असेल ना तिथेच कुठेतरी."

"मले काहीच दिखत नही. बठ्ठा फेटाच दिखी राह्यनात."

सुमनबाईंचं बोट अध्यक्षांच्या फोटोवर पडलं, मग उपाध्यक्षांच्या, मग खजिनदारांच्या. उघडझाप करणाऱ्या हिरव्यापाशी आल्यावर त्यांनी चटका बसल्यासारखं बोट मागे घेतलं. तिथून मी अगदी हाताशी होतो. पण पांढऱ्या जागेवर बोट ठेवायला माणसाला काही कारण लागतं.

"फोन करू का रे त्यासले?"

"आणि काय सांगशील? तोंडावर नाही म्हणशील?"

सुमनबाईंनी चष्मा काढला. त्यांच्या घरात, शेजारात, माहेरात कुणी तोंडावर नाही म्हटलेलं नव्हतं.

"राहू दे गं आई. समजतील ते."

पान बंद झालं आणि आखाजी निघून गेली. शेंदुर्णीकरांनी आपल्या शब्दाप्रमाणे तोवर वाट पाहिली आणि मग दुसरीकडे सुपारी फोडली.

सणासुदीत उत्तर राहून गेलं असेल, आपणच जाऊन बोलावं, असं आबांनी ठरवलं. पुढे मी पाहिलं ते असं. पान उघडलं आणि आधी हळदीची गाणी ऐकू आली, मग भांड्यांचा, पाहुण्यांचा कलकलाट. आबा देवपुरात सुमनबाईंच्या फाटकापाशी मांडवाच्या कडेला उभे होते. पायाशी पोत्यात गुंडाळलेला केळीचा घड होता. ते मोबाइल डोळ्यांजवळ नेऊन आमची ओळ वाचत होते. 'उत्तराची वाट पाहत आहोत.' त्यांनी मांडवाकडे बघितलं आणि पुन्हा ओळ वाचली, जणू दोघांतलं एक तरी चुकीचं असेल.

सुमनबाई हळदीच्या हातांनीच बाहेर आल्या आणि जागीच थांबल्या.

"कौतिकभाऊ?"

"अक्का, इथं तं अजून वाट पाहा लिहेल आहे."

"मी दखं हो ते बटन. देवनी आण, खूप दखं. मले सापडनं नही."

"फोन कराचा ना. नाई म्हटलं असतं तं मी का भांडाले आलो असतो?"

"तोंडवर नही कसं म्हणू, भाऊ?" त्या रडायला लागल्या.

आबांनी घड उचलून फाटकाच्या आत ठेवला. "घरची केळी आहे. हळदीच्या घरून माघारी नाई न्याची." मग त्यांनी मोबाइल खिशात घातला आणि मला अंधार झाला.

तिथे कुणी कुणाला शिवी दिली नाही, कुणी हात उगारला नाही. वाईट असं झालं की त्याची तक्रारही करता येत नाही, कारण दाखवण्यासारखं काही घडलेलंच नसतं. नुसता एक बाप मांडवापाशी आला आणि माघारी गेला.

पुढे पहूरला काय बोललं गेलं ते आबांच्या मोबाइलवरून कानावर पडत राहिलं. मुलगी अडकून पडली होती म्हणे, दोन घरं गेली, काहीतरी असेल. आबा आधी समजावून सांगत. मग त्यांनी सांगणं सोडलं, आणि पान उघडलं की नुसते हिरव्याकडे बघत बसू लागले.

शेवटी लांबचं एक स्थळ आलं. बघायला आलेला मुलगा दिपमालाशी एक शब्द बोलला नाही. जे बोलायचं ते त्याचे काका आबांशी बोलले. नोकरी सोडावी लागेल, आणि माहेरी येणं-जाणं आमच्या सोयीने. आबांनी त्याला होकाराची मान हलवली होती. ज्या माणसाने मुलीच्या नोकरीसाठी शेंदुर्णीकरांचं कौतुक केलं होतं, त्याच माणसाने.

दिपमालाने लॅबमधल्या संगणकावर पान उघडलं. टेबलावर मोबाइल चालू होता, त्यातून आबांचा आवाज येत होता.

"दाबलं का?"

"बघतेय."

"हिरवं दाब, बाई. आता निवडाची येळ नाई राह्यली आपली. पुन्हा कोनाच्या दारात घड घेऊन उभं राहाचं नाई होनार माह्याच्यानं."

दिपमालाने मोबाइल बाजूला सरकवला. हिरवं उघडझाप करत होतं. तिच्या हाताला कामाची सवय होती. दिवसभर रिपोर्ट भरताना ती माऊस धरत नाही, टॅबची कळ दाबत एका रकान्यातून दुसऱ्यात जाते. तिने टॅब दाबला. निळं कडं अध्यक्षांच्या फेट्याभोवती उमटलं. पुन्हा दाबला, उपाध्यक्ष. पुन्हा, खजिनदार. मग हिरवं. हिरव्याच्या पुढे तिला काहीच दिसत नव्हतं, तरी तिने अजून एकदा दाबला.

पांढऱ्या कोऱ्या जागेवर कडं उमटलं. माझ्याभोवती.

ती पुढे वाकली, तिने पडद्यावर नाक टेकेल इतकं जवळ जाऊन माझी अक्षरं वाचली आणि एंटर दाबलं. मला दबता येत नव्हतं, तिला काही दाखवता येत नव्हतं. निरोप मात्र गेला.

"आबा, मी नाही कळवलं."

 मला वाटलं, आता रागावतील.

"बटन सापडलं?"

"हो."

"कुठी व्हतं?"

"हिरव्याच्या शेजारीच."

 मग आबांनी विचारलं, "त्याइले पोचलं असन ना? वाट नाई पाह्यनार ना ते?"

"पोचलं, आबा. नाही पाहणार."

ते मला अखेरचं दाबणं होतं.

त्या घराचे काका प्रेमराज नानांकडे गेले. मुलीने परस्पर, तोंडावर नकार दिला. असल्या मुलींची नावं मंडळ ठेवतंच कशाला, अशी त्यांची तक्रार होती. नानांना तंटा नको होता. दिपमालाची माहिती पानावरून काढली गेली. तिचं पुढे काय झालं, मला माहीत नाही. जे पान उघडतच नाही तिथलं मला दिसत नाही. भूषणच्या घरासारखं घर तिला मिळालं असेल, असं तुम्हाला बरं वाटावं म्हणून मी सांगणार नाही.

आणि नानांनी ज्योतीला बोलावून सांगितलं, "ते बटण काढूनच टाक बेटा, कटकट नको." बटण काढायच्या दोन तऱ्हा आहेत. एका तऱ्हेत त्याची जागाही जाते, शेजारचे सरकून बसतात. दुसरीत बटण दिसत नाही, दाबलं जात नाही, कडंही उमटत नाही, पण जागा तशीच कोरी राहते. ज्योतीने दुसऱ्या तऱ्हेची ओळ लिहिली. या वेळी ती एकदाही काही बोलली नाही.

मित्रांनो, तुमच्यापैकी कुणी उद्या सीएसएस शिकेल, बटणांना रंग देईल, सावल्या देईल, कोपरे गोल करेल. हौसेने करा. फक्त 'होकारा'ला जेवढी जागा द्याल तेवढीच 'नकारा'ला द्या, आणि दाबलं की ते थोडं खाली जाऊ द्या. आणि बटण कधी हाताशी नसलंच, तर तोंडाने सांगा. समोरचा माणूस रडेल, चिडेल, पण सुटेल.

मी अजून इथेच आहे, हिरव्याच्या शेजारी. अधूनमधून एखादं बोट येतं, बहुतेक कुणा म्हाताऱ्या बाईचं. फेट्यांवरून फिरतं, हिरव्याला चुकवतं आणि माझ्या कोऱ्या जागेवर येऊन थांबतं. थोडा वेळ तिथेच चाचपतं. मग पान बंद होतं, आणि कुठेतरी कुणीतरी वाट बघत राहतं.